टेप चालू आहे

(दृश्य: धावत्या गाडीच्या खिडकीतून मागे पळणारी शेतं. डब्यातला गलका.)

ऑगस्ट १९६३. शिकागोहून वॉशिंग्टनकडे गाडी निघाली आहे. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी २८ तारखेला राजधानीत मोर्चा आहे, आणि डब्यातली माणसं त्यासाठीच चालली आहेत. त्यांच्यामध्ये पन्नाशीचा एक गोरा माणूस टेपरेकॉर्डर घेऊन बसलाय. मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण सगळ्या जगाचे मायक्रोफोन टिपणारच आहेत. याला हवंय ते या डब्यातलं बोलणं. कुणी कुठून आलं, काय सोसलं, आता कसल्या आशेवर निघालं.

हे स्टड्स टर्केल, साध्यासुध्या माणसांच्या मुलाखती घेऊन त्या रेडिओवर आणि पुस्तकांतून मांडणारे. मूळ नाव लुई, 'स्टड्स' हे एका कादंबरीतल्या शिकागोच्या पोरावरून चिकटलेलं. जन्म १९१२ चा, न्यूयॉर्कमधला. वाढले मात्र शिकागोत. आईवडील तिथे खोल्या भाड्याने देणारं साधंसं हॉटेल चालवायचे. खालच्या बैठकीत मजूर, युनियनवाले, बेकार, सगळे जमायचे आणि राजकारणावर तासन्‌तास भांडायचे. टर्केल यांनी पुढे कायद्याची पदवी घेतली, वकिली काही केली नाही. खरी शाळा ती बैठकच.

(दृश्य: जुना टीव्ही संच, कृष्णधवल पडदा.)

१९५० च्या आसपास टीव्हीवर त्यांची 'स्टड्स प्लेस' ही मालिका चालत होती. एका छोट्या खाणावळीतल्या गप्पा, त्याही बऱ्याचशा आयत्या वेळी सुचलेल्या. पण तो काळ कम्युनिस्टांच्या धास्तीचा. वर्णभेदाविरुद्धच्या अर्जांवर टर्केल यांच्या सह्या होत्या. वाहिनीने सुचवलं, कम्युनिस्टांनी मला फसवून सही घेतली असं म्हणून मोकळे व्हा. ते नाही म्हणाले. मालिका बंद पडली.

पुढची गोष्ट गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या महालिया जॅक्सन यांची. १९५४ मध्ये त्यांच्या रेडिओ कार्यक्रमात टर्केल होते. नेटवर्कचा माणूस देशाशी एकनिष्ठेचं शपथपत्र घेऊन आला. टर्केल सही करेनात. महालियांनी सांगून टाकलं : यांना काढणार असाल तर दुसरी महालिया शोधा. नेटवर्क गप्प बसलं. असं ठणकावणारे त्या काळात किती होते, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

टीव्हीचं दार लागलं आणि शिकागोचं एक लहानसं रेडिओ स्टेशन वाट्याला आलं, डब्ल्यूएफएमटी. १९५२ ते १९९७, पंचेचाळीस वर्षं. पाहुण्यांमध्ये लेखक जेम्स बाल्डविन होते, १९६३ मध्ये तर बॉब डिलन नावाचा जेमतेम एकवीस वर्षांचा गाणारा पोरगाही येऊन गेला.

(दृश्य: फिरणाऱ्या टेपची चाकं, जवळून.)

गंमत म्हणजे या गृहस्थांना यंत्र कधी धड वापरता आलं नाही. गाडीही चालवता येत नसे. नर्तकी मार्था ग्रॅहम यांची मुलाखत त्यांच्या हातून चुकून पुसली गेली. पण हाच धांदरटपणा कामी आला. समोरचा बिचकलेला माणूस पुढे सरसावून म्हणायचा, अहो, तुमची टेप फिरत नाहीये. तिथून पुढे तो मुलाखत देत नसे, नुसता बोलत असे.

टर्केल एक प्रसंग वारंवार सांगत. सरकारी घरांच्या वस्तीतली एक गरीब बाई, भोवती तिची पोरं. बोलून झाल्यावर पोरांनी आईचा आवाज ऐकायचा हट्ट धरला. टेप मागे फिरवली. स्वतःचं बोलणं ऐकून बाईचा हात तोंडावर गेला. मला असं वाटतं हे मलाच ठाऊक नव्हतं, ती म्हणाली.

टर्केल यांची आठवण काढायची ती याच्यासाठी. मत विचारलं की माणूस कालच्या वर्तमानपत्रातलं मत काढून देतो. त्याच्या दिवसाविषयी विचारलं, कामाविषयी, कर्जाविषयी, की त्याचं राजकारण आपोआप बाहेर येतं.

सी. पी. एलिस यांचंच पाहा. नॉर्थ कॅरोलायनातलं डरहॅम शहर. एलिस तिथल्या कू क्लक्स क्लॅनचा, म्हणजे कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या हिंसक संघटनेचा म्होरक्या. टर्केल यांच्यासमोर तो सांगतो ते दारिद्र्याबद्दल. राबराब राबूनही हाती काही उरत नाही, दोष कुणावर तरी ढकलायचा, तर कृष्णवर्णीय समोरच होते. मग एक दिवस रस्त्यात शहराचा एक गोरा पुढारी दिसतो. एरवी गुपचूप फोन करून क्लॅनची मदत मागणारा. एलिस हात पुढे करतो, आणि पुढारी रस्ता ओलांडून पलीकडे निघून जातो. आपल्याला वापरलं जातंय हे एलिसच्या लक्षात यायला लागतं. १९७१ मध्ये शाळांमधला वर्णभेद मिटवण्यासाठी भरलेल्या बैठकांमध्ये तो ॲन ॲटवॉटर या कृष्णवर्णीय कार्यकर्तीसोबत सहअध्यक्ष झाला. शेवटी क्लॅनचं ओळखपत्र त्याने सगळ्यांसमोर फाडलं आणि पुढे कामगार संघटनेत काम केलं. द्वेषाचा हिशेब इतक्या उघडपणे मांडलेला फार क्वचित ऐकायला मिळतो.

हे सगळं खरं मानायचं का? आठवण दगा देते. महामंदीवरच्या आपल्या पुस्तकाला टर्केल यांनीच आठवणींचं पुस्तक म्हटलं, काटेकोर आकड्यांचं नव्हे. ते स्वतः पक्के डाव्या विचारांचे होते, आणि छापताना आपले बरेचसे प्रश्न गाळून टाकत. म्हणून माझं ऐकाल तर पुस्तकांच्या आधी टेप ऐका. तिथे त्यांचं मध्येच तोंड घालणं आणि खो-खो हसणंसुद्धा सापडतं. दुसऱ्या महायुद्धावरच्या त्यांच्या पुस्तकाला १९८५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. टेप मात्र शिकागोच्या इतिहास संग्रहालयात गेल्या, आणि २०१८ पासून त्यांतल्या कितीतरी इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतात.

(दृश्य: न्यायालयाची इमारत. टेलिफोनच्या तारा.)

जन्मभर समोर यंत्र ठेवून लोकांचं बोलणं टिपलेला हा माणूस २००६ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी कोर्टात गेला. एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी ग्राहकांच्या फोनच्या नोंदी परस्पर सरकारच्या गुप्तचर संस्थेला देते, असा आरोप होता. त्याविरुद्ध दावा लावणाऱ्यांत टर्केल होते. जुलैमध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. पुढच्याच वर्षी टर्केल यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून तोच विषय पुन्हा उकरून काढला.