भोक पाडलेला एंजल

हे नाणं जरा जवळून बघा. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या काळातला सोन्याचा एंजल, त्या वेळची किंमत 10 शिलिंग, वजन जेमतेम 4 ग्रॅम, एकदम पातळ. एका बाजूला सेंट मायकल, म्हणजे ज्याच्यावरून हे नाव पडलं तो देवदूत (एंजल), पायाखालच्या ड्रॅगनला भाला खुपसतोय, दुसऱ्या बाजूला जहाज. आणि वरती, मायकलच्या डोक्याशी, आरपार भोक.

नवीन कलेक्टर इथेच नाक मुरडतात. डॅमेज पीस आहे, नको म्हणतात. भोकामुळे भाव पडतो हे खरंय, पण मला विचाराल तर हे नाणं घ्यायचं ते त्या भोकासाठीच.

त्या काळी इंग्लंडात लोकांची पक्की समजूत होती की राजाने हात लावला की गंडमाळ बरी होते. गंडमाळ म्हणजे मानेतल्या गाठींचा टीबी, गाठी फुटून वाहत राहायच्या आणि त्यावर खात्रीचं औषध नव्हतंच. मग लोक आशेने राजाकडे यायचे, राजा त्यांच्या मानेवरून हात फिरवायचा आणि रिबनीत ओवलेला एंजल त्यांच्या गळ्यात घालायचा. आपल्याकडे ताईत बांधतात ना, अगदी तसंच.

एंजल सुरू केला चौथ्या एडवर्ड राजाने, 1465 साली, तेव्हा ते साधं व्यवहारातलं नाणं होतं. चार्ल्सच्या वेळेपर्यंत मात्र ते मुख्यतः या हात फिरवण्याच्या विधीसाठीच पाडलं जायचं, आणि 1642 मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा तेही थांबलं.

सगळं काम हाताचं. खालचा ठसा लाकडाच्या ठोकळ्यात रोवलेला, त्यावर सोन्याची चकती, तिच्यावर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव. घाव जरा तिरका बसला की एका बाजूची अक्षरं पुसट, ठसा हलला की अक्षरं डबल, म्हणून दोन नाणी कधी एकसारखी भेटत नाहीत.

घेताना एक सांभाळा. काही जण हे भोक सोन्याने बुजवून नाणं अख्खं म्हणून विकतात. लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं छोटं भिंग, लावून बघा, तिथल्या सोन्याचा रंग थोडा वेगळा दिसतो, अक्षरं मागाहून कोरल्यासारखी वाटतात. असं बुजवलेलं बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, त्या आजारी माणसाची एवढी एकच खूण उरली होती, तीही पुसली.

आता पुन्हा आपल्या नाण्याकडे. भोक कुठे पाडलंय बघा, बरोब्बर वर मधोमध, म्हणजे गळ्यात घातल्यावर मायकल सरळ उभा राहील.