पॉलिसीतले शब्द आणि भिजलेले टॉवेल

श्रोतेहो, नमस्कार.

टॉवेलचा धर्मच पाणी पिण्याचा. सोलापुरात जन्म काढूनही ही गोष्ट मला नीट कळली ती एका जळालेल्या गोडाऊनमध्ये. मी विम्याच्या नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर. आगीचे बंब परतले की टेप आणि वही घेऊन माझ्यासारखा माणूस पोचतो. त्या यंत्रमाग कारखान्यात आग कोपऱ्यातल्या सुतापुरतीच लागली होती. पण बंबाचं पाणी तयार टॉवेलच्या गठ्ठ्यांत मुरलं होतं. एक गठ्ठा दोघांना उचलेना.

मालक म्हणाले, “साहेब, आगीनं कमी खाल्लं, पाण्यानं जास्त. पाण्याचं कोण देणार?” मी म्हटलं, आग विझवायला मारलेल्या पाण्यानं झालेलं नुकसान आगीच्या पॉलिसीत धरतात. त्यांचा जीव भांड्यात पडला, चहा मागवला. मग मी विचारलं, “विमा कितीचा?” “20 लाखांचा.” “आणि आत माल किती होता?” “40 लाखांचा असेल.” चहा आला, पण तो निवत राहिला.

कारण पॉलिसीत ‘अ‍ॅव्हरेज’ नावाचं कलम असतं. शाळेतली सरासरी ती ही नव्हे. 40 लाखांच्या मालाचा 20 लाखांचाच विमा काढला, तर कंपनी म्हणते, निम्म्या मालाची जोखीम तुम्ही स्वतःवर ठेवलीत, तेव्हा प्रत्येक नुकसानीत निम्मा वाटा तुमचा. भिजलेले टॉवेल वाळवून, वजन करून विकले. त्या विक्रीच्या रकमेला ‘सॅल्व्हेज’ म्हणतात, आणि ती वजा होते. ती जाऊन निव्वळ नुकसान उरलं 10 लाख. हातात आले 5. “20 लाखांचा विमा आहे, 10 लाखांचंच नुकसान झालंय, मग पूर्ण का नाही?” हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की उत्तर आता झोपेतही देईन.

बरं, 20 लाखांचा आकडा आला कुठून? बँकेकडून. कॅश क्रेडिट घेताना बँकेनं विमा मागितला, कर्जाच्या हिशेबानं काढला, आणि दरवर्षी तोच आकडा नूतनीकरण होत गेला. सूत महागलं, माल वाढला, पॉलिसी जागच्या जागी. आपण एकच विचारतो, हप्ता किती? विम्याची रक्कम कोणत्या किमतीवर धरलीय, हे विचारणारा मला क्वचित भेटतो.

1 एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांसाठी दोन ठराविक पॉलिसी आल्या आहेत. एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, त्यापुढे 50 कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. यांत 15 टक्क्यांपर्यंत विमा कमी पडला तर अ‍ॅव्हरेज लावत नाहीत. 15 टक्के म्हणजे 40 लाखांच्या मालाला 34 लाखांचा विमा चालेल. 20 लाखांचा नाही चालणार.

‘ठिकाण’ हा शब्दही बोट ठेवून वाचा. आपल्याकडे माल एका छपराखाली कधी असतो? सूत सायझिंगला, कापड डाइंगला, शिलाई कुणाच्या तरी घरी. पॉलिसीवर पत्ता एकच असेल तर बाकीच्या जागेतला माल उघड्यावरच म्हणायचा. सगळे पत्ते लिहून ‘फ्लोटर’, म्हणजे सगळ्या ठिकाणांना मिळून एकच विमा, घेता येतो. मागांच्या बाबतीत पाहा, ‘मार्केट व्हॅल्यू’ म्हणजे नव्या मागाच्या आजच्या किमतीतून घसारा, म्हणजे वापरानं झालेली झीज, कापून, आणि ‘रिइन्स्टेटमेंट व्हॅल्यू’ म्हणजे तसाच नवा माग बसवायचा खर्च. दुसरी चांगली, पण मग विम्याची रक्कमही नव्या मागाच्या भावानं हवी. आणि चोरीचं म्हणाल तर आगीच्या पॉलिसीत साधी घरफोडी येत नाही. तिचा विमा वेगळा, आणि त्यातही कुलूप-कडी तोडल्याची खूण लागते.

आता गाडीकडे येऊ. ‘फुल इन्शुरन्स’ असा शब्द कुठल्याही पॉलिसीत छापलेला नाही, तो आपण बनवलाय. पॉलिसीत दोन भाग असतात. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं हा भाग सक्तीचा आहे. दुसरा भाग ‘ओन डॅमेज’, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, तो ऐच्छिक. गाडीची ‘आयडीव्ही’, म्हणजे विम्यासाठी धरलेली तिची किंमत, या दुसऱ्या भागात येते. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला, की हीच रक्कम मिळते. मोबाईलवर पॉलिसी काढताना आयडीव्हीची पट्टी डावीकडे सरकवली की हप्ता उतरतो आणि बरं वाटतं. गोडाऊनमध्ये झालं तेच इथंही होतं, फक्त बोट आपलंच असतं.

बंपरचं उदाहरण घेतो. समजा सात रस्त्याच्या गर्दीत मागच्यानं ठोकलं. नवा बंपर 8,000 रुपये. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर कंपनी सरळ 50 टक्के घसारा कापते. काचेवर नाही कापत. राहिले 4,000. 1500 सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममध्ये 1,000 रुपये सक्तीनं आपले, त्याला ‘कंपल्सरी डिडक्टिबल’ म्हणतात. राहिले 3,000. आता तीन वर्षं क्लेम न घेतल्यामुळे तुम्हाला ओन डॅमेजच्या हप्त्यात 35 टक्के सूट, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’, मिळतोय, पुढच्या वर्षी 45 मिळाला असता. ओन डॅमेजचा हप्ता 8,000 असेल तर ते झाले 3,600. क्लेम घेतलात की बोनस शून्यावर, आणि पुन्हा 20 पासून चढायचं. म्हणजे 3,000 साठी 3,600 घालवले. बंपर खिशातून बदला. ‘झिरो डेप’ हे जादा कव्हर घेतलं असेल तर घसारा कापत नाहीत, तेव्हा गणित वेगळं करावं लागेल.

बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी कार घेतलीत तर विकणाऱ्याचा बोनस तुमच्याकडे येत नाही. आणि खरेदीनंतर 14 दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडतो. हे काम उद्यावर टाकणारे मी पाहिलेत, त्यात एक आमचा मेहुणाही आहे.

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा काय झालं ते आठवा. पाण्यात गाडी बंद पडली की हात आपोआप चावीकडे जातो. इंजिनात शिरलेलं पाणी स्टार्टर मारल्यावर आतले भाग वाकवतं. कंपनी म्हणते, हे पुराचं नुकसान नाही, त्यानंतर तुम्ही केलेल्या कृतीचं आहे. पॉलिसीत याला ‘कॉन्सिक्वेन्शियल लॉस’ म्हणतात. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर जोडलेलं नसेल तर खर्च तुमच्या गळ्यात. चावीला हात लावू नका, गाडी ओढून न्या.

पांढऱ्या नंबरपाटीची, म्हणजे खासगी कार भाड्यानं अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करणाऱ्यांनी ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ ही ओळ वाचावी. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. तिथं क्लेम नाकारला तर कंपनीशी भांडायला फारशी जागा उरत नाही.

एरवी मात्र जागा असते. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, आणि एकमालकी धंदा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तरी दार उघडं आहे.

त्या टॉवेलवाल्या मालकांकडे मी परवा सहज गेलो होतो. गोडाऊनच्या दारामागे खडूनं दोन आकडे लिहिले होते. वर महिनाअखेरचा माल, खाली विम्याची रक्कम. वरचा वाढला की ते एजंटला फोन करतात. चहा या वेळी गरम होता.

नमस्कार.