जळगावचा कूलर चेन्नईत का चालत नाही?

राम राम मंडळी. मे महिना, भर दुपार, जळगावात बाहेर पारा ४४ ला टेकलाय. मागे जी घरघर ऐकू येतेय ती आमच्या कूलरची. व्हिडिओपुरता बंद करणार होतो, पण आजचा विषयच तो आहे, म्हणून राहू दिला.

माझा आतेभाऊ चोपड्याचा. नोकरी लागली चेन्नईला. पहिल्याच उन्हाळ्यात आत्याने हट्ट धरला, पोराला कूलर पाठवा. घरातल्या सगळ्यांचा हिशोब एकच होता. तिकडे तर ३५-३६ च असतं, आपल्याकडे ४४ ला खोली गार करणारा कूलर तिथे थंडी वाजवेल. गेला कूलर. दुसऱ्याच रात्री भावाचा फोन आला. चादर ओलसर, भिंतीला हात लावला तर चिकट, आणि खोलीत श्वास कोंडतोय. आत्या म्हणाली, कूलर बिघडला.

कूलर धडधाकट होता. हवा वेगळी होती.

कूलर हवा गार करतो म्हणजे करतो काय? गवताच्या ताट्यांवरून पाणी सोडतो आणि पंख्याने बाहेरची हवा त्यातून ओढतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती त्या हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा गार होते. पण वाफ तेव्हाच होईल, जेव्हा हवेत ती सामावायला जागा असेल.

आता आकडे बघा. आपल्याकडे ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली, तर १ घनमीटर हवेत पाणी असतं साधारण ९ ग्रॅम. चेन्नईत ३५ अंश आणि ६५ टक्के धरली, तर तेवढ्याच हवेत २५ ग्रॅम. पारा ९ अंशांनी कमी, पाणी अडीच पटीपेक्षा जास्त! कूलर कितीही चांगला असो, आपली ही हवा तो जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत आणू शकतो. चेन्नईची आणू शकतो २९ पर्यंत, आणि तीसुद्धा पाण्याने पूर्ण भरलेली.

माणसाचं अंगही असंच काम करतं, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घाम सुकतो तेव्हाच अंग गार होतं. आपल्याकडे घाम आला कधी आणि सुकला कधी ते कळतच नाही. पाणी प्यायचं विसरलात की ऊन लागतं. चेन्नईत घाम येतो आणि अंगावरच राहतो. आत्या जाऊन आली तेव्हा म्हणाली होती, "तठे ऊन लागत नही, पन जीव घाबरस." एका वाक्यात सगळं आलं. म्हणून आकडा ३६ दिसला तरी आपल्या पोरांनी तिथल्या दुपारी हलक्यात घेऊ नयेत.

(पडद्यावर नकाशा)

पण मग चेन्नई आपल्याइतकी तापत का नाही? चेन्नई १३ अक्षांशावर, आपण २१ वर. विषुववृत्ताच्या जवळ तर ती आहे. उत्तर तिच्या पूर्वेला पसरलंय, बंगालचा उपसागर. पाणी १ अंशाने तापवायला कोरड्या मातीच्या चार-पाच पट उष्णता लागते, शिवाय लाटा ती खालपर्यंत घुसळत राहतात. आपली काळी जमीन दोन-तीन तासांत चटके द्यायला लागते, समुद्र मात्र मे महिन्यातही ३० च्या आसपास. दुपारपर्यंत जमिनीवरची हवा तापून वर उठते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा आत शिरते. हाच खारा वारा. मरीना किनाऱ्यावर संध्याकाळी अख्खं शहर जमतं ते या वाऱ्यासाठी.

हा वारा रोज वेळेवर येतोच असं नाही. मे-जूनमध्ये पश्चिमेकडून, दख्खनच्या पठारावरून, कोरडा तापलेला वारा जोरात सुटला की तो खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवून धरतो. मग चेन्नईही चाळिशी पार करते. ३१ मे २००३ ला तिथे ४५ अंशांची नोंद झाली होती. मेमधल्या या तीनेक आठवड्यांना तमिळ लोक अग्नी नक्षत्रम म्हणतात.

आणि आपण? आपली तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. खोरं पश्चिमेला उघडं, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. मला लहानपणी वाटायचं, नदी समुद्रात जाते तर समुद्राचा वारा त्याच वाटेने आपल्याकडे का येत नाही? येत नाही कारण खाऱ्या वाऱ्याचं बळ बहुतेक पन्नासेक किलोमीटरमध्ये संपतं. जळगाव सुरतेपासून रेल्वेने तीनशे किलोमीटर आहे.

आता पाऊस. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी चालू असते आणि आकाश मोकळं हवं असतं. नेमके तेव्हा भाऊ सांगतो, इकडे शाळांना पावसाची सुट्टी. जून ते सप्टेंबरचा मोसमी पाऊस पश्चिम घाट पलीकडेच बराचसा उतरवून घेतो, चेन्नईला तेव्हा संध्याकाळच्या वादळी सरी मिळतात. ऑक्टोबरपासून वारे उलटतात, ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून वाफ घेऊन येतात. वर्षाचा साधारण १४०० मिलिमीटर पाऊस, आपल्या जवळपास दुप्पट, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तोही मोजक्या दिवसांत. शहर सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. अड्यार आणि कूवम नद्यांची मुखं वाळूने अडतात, पळ्ळिकरणैसारख्या पाणथळ जागांवर बांधकामं झाली. डिसेंबर २०१५ ला शहर बुडालं. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच शहराचे तलाव आटले आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

पश्चिम किनाऱ्यावरच्या कोचीची तऱ्हा आणखी निराळी. घाट पाठीशी, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि हिवाळ्यातही रात्रीचा पारा सहसा विशीच्या वर. आपल्याकडे दहाच्या खाली गेला की शेकोट्या पेटतात. घरं बघा. आपलं धाब्याचं घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या, वर मातीचं सपाट छप्पर. दुपारची झळ बाहेर ठेवायची, पावसाची फार भीती नाही. केरळात उतरती कौलं, लांब वळचण, मोकळा ओटा. तिथे पाणी झटकन खाली उतरायला हवं आणि वारा घरातून आरपार जायला हवा.

भावाचंही गणित तिथेच चुकत होतं. दुपारी बाराला तो जळगावच्या सवयीने खिडक्या-दारं लावून घ्यायचा. शेजारच्या आजीबाईंनी हाताने खूण करून पूर्वेची खिडकी उघडायला लावली. कूलर आता चोपड्यात आत्याच्या ओसरीवर चालतो, आणि भाऊ दुपारी दीडच्या सुमाराला फोनवर असला की मधेच थांबून सांगतो, आला बघ वारा.