आठवडा विकत मिळेल, रजेचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर किंवा एखाद्या प्रदर्शनात तुम्ही कधी ना कधी एक कुपन भरलं असेल. नाव, फोन नंबर, लग्न झालंय का, घरचं उत्पन्न साधारण किती. चार दिवसांनी फोन येतो. अभिनंदन, तुम्हाला तीन दिवस, दोन रात्रींची सहल भेट मिळाली आहे! व्हाउचर घ्यायला फक्त रविवारी अकरा वाजता अमुक हॉटेलात यायचं, आणि येताना मॅडमना घेऊन यायचं. ‘एकटे नको सर, दोघंही हवेत.’ हा आग्रह मॅडमच्या पाहुणचारासाठी नसतो. ‘घरी विचारून सांगतो’ हे आपलं हुकमी उत्तर त्या टेबलावर चालू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आत गेलं की गाणी मोठ्यानं लागलेली असतात. मधूनच कुणाचं तरी नाव पुकारलं जातं, टाळ्या वाजतात, ‘नवे सदस्य’ म्हणून. समोरचा हसरा मुलगा विचारतो, दर वर्षी फिरायला जायला आवडतं ना? नाही कोण म्हणणार! मग तो कागदावर आकडे मांडायला लागतो, आणि शेवटी सांगतो की हा भाव फक्त आजच्या दिवसापुरता आहे.

हे जे विकलं जातं त्याला टाइमशेअर म्हणतात. रिसॉर्टमधली एक खोली वर्षाच्या बावन्न आठवड्यांमध्ये वाटायची आणि एकेक आठवडा वेगवेगळ्या कुटुंबांना द्यायचा, ही मूळ कल्पना युरोपातली. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापिमाग नावाची कंपनी याच कल्पनेवर उभी राहिली. अमेरिकेत १९७४ साली आरसीआय निघाली. तुमचा इथला आठवडा तिच्याकडे जमा करायचा आणि दुसऱ्या कुणाचा तरी तिथला घ्यायचा, अशी ती आदलाबदल. भारतात स्टर्लिंगची सुरुवात १९८६ची, महिंद्रा हॉलिडेजची १९९६ची. ‘क्लब महिंद्रा’ हे नाव तर आता मराठी मध्यमवर्गात घरोघरी माहीत आहे.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे बहुतेक वेळा जे मिळतं ती मालकी नसते, ठरावीक वर्षांसाठी वापराचा हक्क असतो. खोलीचा सातबारा कुणाच्या नावावर होत नाही. मुदत साधारण पंचवीस वर्षं. शिवाय मोसमाप्रमाणे रंग असतात. कुठे पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू अशी उतरंड. मे महिना आणि दिवाळी-नाताळ सगळ्यात महाग, भर पावसाळा स्वस्त. स्वस्त रंग घेऊन मे महिन्यात महाबळेश्वर मागितलं, तर ते मिळत नाही. रविवारच्या टाळ्यांमध्ये हे वाक्य ऐकू येत नाही, पण करारात असतं.

आता थोडा हिशेब. आकडे मी समजुतीसाठी धरतोय, तुमच्या कागदावरचे वेगळे असतील. समजा चार लाख रुपये भरले. वर्षाला सात रात्री, पंचवीस वर्षं, म्हणजे १७५ रात्री. भागाकार केला की रात्रीला सुमारे २,३०० रुपये पडतात. समोरचा मुलगा इथे पेन खाली ठेवतो. आपण ते उचलायचं.

दर वर्षी देखभालीचं शुल्क असतं. तुम्ही गेलात तरी, नाही गेलात तरी. ते समजा २०,००० धरू. पुढे ते वाढत जातं आणि त्यावर जीएसटी असतो, ते सध्या बाजूला ठेवा. शिवाय ते चार लाख बँकेत सात टक्क्यांनी असते, तर पंचवीस वर्षं दर वर्षी सुमारे ३४,३०० रुपये काढून खाता आले असते, तेव्हा कुठे शेवटी ते संपले असते. दोन्ही मिळून वर्षाचा खरा खर्च ५४,३०० रुपये. सातही रात्री वापरल्या तर रात्रीला सुमारे ७,७५० रुपये. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. आणि चारच रात्री जायला जमलं, तर रात्रीला साडेतेरा हजार! हप्त्यांवर घेतलं असेल तर त्याचं व्याज यात धरलेलंच नाही.

म्हणजे सौदा चांगला की वाईट, हे रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावावर ठरत नाही. ते ठरतं तुमच्या रजेच्या खात्यावर. आज मला खरं तर त्याबद्दलच बोलायचंय.

आपल्या राज्यात दुकानं आणि खाजगी ऑफिसं यांच्यासाठी २०१७चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे. पूर्वी दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे तो लागू व्हायचा, २०२५च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा जास्त असतील तिथे. त्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा मिळते. ती वर्षअखेर बुडते. वर्षात २४० दिवस भरले असतील, तर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. ही साठवता येते, पंचेचाळीस दिवसांपर्यंत. सणासुदीच्या आठ भरपगारी सुट्ट्या, त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. रजा पंधरा दिवस आधी मागितली आणि तरी नाकारली, तर पंचेचाळीसच्या वर गेलेल्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क आहे. हा शेवटचा मुद्दा किती जणांना ठाऊक असतो, याची मला शंकाच आहे.

तर हिशेबाला आल्या बारा-चौदा भरपगारी रजा. त्या जातात कुठे? लालबागला राहणाऱ्या चाकरमान्याला विचारा. त्याचे चार-पाच दिवस गणपतीला आधीच गेलेले असतात. आरक्षण उघडतं त्या सकाळी कोकण रेल्वेचं तिकीट मिळवण्यासाठी तो जी झुंज देतो, तिच्यापुढे रिसॉर्टचं बुकिंग काहीच नाही. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा घरचं कुणीतरी लागतं, दोन दिवस तिथे. नात्यातलं एक लग्न, एक बारसं. कुलदैवताला जाऊन यायचं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. मग उरतात पाच-सहा. नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील, तर दोन साहेबांनी एकाच आठवड्यात मान हलवायला हवी आणि त्याच आठवड्यात मुलांची शाळाही बंद हवी. असा आठवडा वर्षात मे महिन्यात येतो, दिवाळीत येतो. म्हणजे नेमका सगळ्यात महागड्या रंगाचा. करार केला तेव्हा दुसरीत असलेलं पोर दहावीत जातं, बारावीत जातं, सीईटीची तयारी करतं. त्या वर्षांत घर हलत नाही. शुल्काचं बिल मात्र येतंच.

मी बँकेत असताना आमच्या कर्मचारी संघटनेच्या हॉलिडे होमचं रजिस्टर बरीच वर्षं माझ्याकडे होतं. बँका, विमा, रेल्वे अशा ठिकाणी नोकरी केलेल्यांना हे प्रकरण माहीत आहे. लोणावळा, महाबळेश्वर, माथेरान इथे संस्थेनं घेतलेल्या चार खोल्या, नाममात्र भाडं, सांगितलं तर पिठलं-भाकरी करून देणारा केअरटेकर. एका अर्थी टाइमशेअरच, फक्त चार लाख न भरता. त्या रजिस्टरनं मला माणसांच्या रजेबद्दल जे शिकवलं ते कुठल्याही सर्क्युलरनं शिकवलं नाही. मे महिन्याच्या पानावर नावं मावायची नाहीत, चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या. ज्यांचं नाव यायचं नाही ते मला वर्षभर तिरक्या नजरेनं बघायचे. आणि जुलैचं पान कोरं. ज्यांची पोरं मोठी झालेली, जे निवृत्तीला टेकलेले, ते सुद्धा मे महिन्यातच अर्ज करायचे. सवय, दुसरं काही नाही. शेवटच्या वर्षी यांच्या खात्यावर ढिगानं रजा पडून असायची, रोखीकरणाच्या आशेनं.

म्हणून टाइमशेअर घ्यायचं की नाही, यापेक्षा अलीकडे मी लोकांना एक वेगळाच प्रश्न विचारतो. गेल्या तीन वर्षांत सलग सात दिवस रजा तुम्ही कितीदा घेतलीत? लग्न, आजारपण, गणपती सोडून. उत्तर ‘एकदाही नाही’ असेल, तर चार लाख भरल्यानं साहेबाचा स्वभाव बदलणार नाही.

काही जणांना हा सौदा खरंच फळतो. स्वतःचा व्यवसाय असलेले, निवृत्त जोडपी, घरून काम करणारे, ज्यांना ऑगस्टच्या मंगळवारी निघता येतं असे. मोठी खोली, स्वयंपाकाची सोय, सोबत सासू-सासरे, असं सगळं कुटुंब घेऊन जाणाऱ्यांनाही हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा परवडतं. त्यांना मी नको म्हणणार नाही.

बाकीच्यांनी रजेची मांडणी जरा उलटी करून बघावी. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली सुमारे दीड हजार प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले, पण ते निघण्याच्या आधी! परतल्यावर, अगदी निवांत सुट्टी झालेले काही सोडले, तर दोघांत फरक उरला नाही. हे खरं असेल, तर सात दिवस एकदम खर्चून टाकण्यापेक्षा तीन आणि चार असे दोनदा निघावं, वाट बघण्याचं सुख दोनदा मिळतं.

जोडून सुट्टीचं गणित आपण सगळेच करतो. २०२६ साली १ मे आणि २ ऑक्टोबर दोन्ही शुक्रवारी. पण तेच कॅलेंडर सगळ्यांच्या भिंतीवर आहे, त्यामुळे त्या शुक्रवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात अख्खी मुंबई भेटते. आंबोलीच्या धबधब्याखाली रविवारी उभं राहायला जागा नसते, मंगळवारी तुम्ही आणि माकडं. भंडारदऱ्याचंही तसंच. पर्यटन महामंडळाच्या निवासात मधल्या वारी खोली मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. पावसाळ्यात काय चालू, काय बंद ते आधी विचारून घ्या. नेरळहून माथेरानला चढणारी गाडी बंद असते, अमन लॉजपासून वरची शटल चालते. तारकर्लीला समुद्रात उतरता येत नाही, पण मालवणात जेवायला कुणी अडवत नाही. आणि रजेचा अर्ज करताना आपल्या ऑफिसचा नियम बघा. दोन रजांच्या मधला शनिवार-रविवार रजेत धरणारी ऑफिसं कमी नाहीत.

एलटीए, म्हणजे पगारातला रजा-प्रवास भत्ता, याबद्दल एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. त्याची करसवलत फक्त देशातल्या प्रवासाच्या भाड्यावर आहे, चार वर्षांच्या गटात दोन प्रवास, आणि तीही जुनी करप्रणाली घेतली असेल तरच. खोलीचं भाडं किंवा सदस्यत्वाचं शुल्क त्यात बसत नाही, टेबलापलीकडून काहीही सांगितलं तरी.

ज्यांनी आधीच सही केलेली आहे त्यांच्यासाठी. युरोपात अशा करारातून कारण न देता बाहेर पडायला चौदा दिवस कायद्यानंच मिळतात. आपल्याकडे टाइमशेअरचा वेगळा कायदा नाही, करारात जे दिवस लिहिलेत तेवढेच. सही नुकतीच झाली असेल तर आज घरी गेल्यावर ते कलम शोधा, आणि मन बदललं असेल तर मुदतीत ई-मेल करा. फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करणं अवघड जातं. तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन, ‘वर्षभर कधीही खोली मिळेल’ वगैरे, लेखी मागा. बुकिंग किती महिने आधी उघडतं ती तारीख कॅलेंडरवर लिहा, कारण चांगल्या खोल्या पहिल्या काही दिवसांतच जातात. न वापरलेल्या रात्री पुढे किती वर्षं नेता येतात, नातेवाइकांना पाठवता येतं का, हेही वाचून ठेवा. शुल्क थकलं की बुकिंग अडतं.

फसवणूक झाली असेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो की मुंबईला. मुदत दोन वर्षांची. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघा.

आणि एक फोन तुम्हाला हमखास येईल. ‘तुमचं सदस्यत्व विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त नोंदणीचे पंचवीस हजार भरा.’ सदस्यांच्या याद्या कुठून तरी फुटतात, आणि अडकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा अडकवणं सोपं असतं. त्याला एवढंच सांगा, विक्री झाली की त्यातूनच तुमचे पैसे कापून घ्या. पुढचं बोलणं फार लांबत नाही.

नमस्कार.