गरम फ्लास्क लगेच बर्फात का घालायचा नाही?

नमस्कार मंडळी! कोल्हापुरात कालपासून पावसानं नुसती झोड उठवलीय, मागं पत्र्याचा आवाज आला तर तेवढं सांभाळून घ्या.

गेल्या व्हिडिओखाली एमएस्सीच्या मुलांनी एकच प्रश्न परत परत विचारलाय. ‘सर, रिॲक्शन झाली, टीएलसीही बरी आली, पण मेल्टिंग जुळत नाही.’ टीएलसी म्हणजे मालात किती घटक आहेत ते दाखवणारी प्लेटवरची चाचणी. मेल्टिंग म्हणजे वितळण्याचं तापमान; माल शुद्ध असेल तर तो एखाद्या अंशातच वितळतो, अशुद्ध असेल तर ते पसरतं. म्हणून आज फक्त रिक्रिस्टलायझेशन, म्हणजे माल विरघळवून परत क्रिस्टल करून शुद्ध करणं.

कृती तुम्हाला बीएस्सीपासून पाठ आहे. क्रूड, म्हणजे रिॲक्शनमधून आलेला अशुद्ध माल, कमीत कमी उकळत्या सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) विरघळवायचं, गरम असतानाच गाळायचं, थंड करायचं, सक्शनवर फिल्टर करायचं, वाळवायचं. झालं. सगळं घोडं अडतं ते ‘थंड करायचं’ या दोन शब्दांवर. हॉट प्लेटवरून फ्लास्क उचलला की थेट बर्फात! असं करू नका. एक तर काच तडकते. पण मी काचेसाठी जीव तोडून सांगत नाहीये.

आपलं प्रॅक्टिकलचं बेंझोइक ॲसिड घ्या. १०० मिली उकळत्या पाण्यात ते साधारण ५.६ ग्रॅम विरघळतं, २५ अंशाला जेमतेम ०.३४ ग्रॅम. म्हणजे फ्लास्क टेबलावर नुसता ठेवला तरी पाच ग्रॅमच्या वर माल आपोआप खाली बसतो. शून्य अंशाला नेलं तर आणखी किती मिळेल? ०.१७ ग्रॅम. एवढ्यासाठी घाई करायची? उलट १०० मिलीच्या जागी ३०० मिली पाणी ओतलं, तर एक ग्रॅम पाण्यातच राहतो. यील्ड, म्हणजे हाती येणारा माल, जातं ते जास्तीच्या सॉल्व्हंटमुळं, आणि आपण बर्फाच्या मागं लागतो.

आता हेच आपल्या उसाच्या भाषेत सांगतो. माझे काका साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे रस आटवून साखरेचे दाणे (ग्रेन) करायच्या पॅनवर. पॅनवरच्या छोट्या काचेतून ते ग्रेन बघत बसायचे. म्हणायचे, ‘रस दमानं घट्ट होऊ द्यायचा बाळ, ओढाताण केली की फॉल्स ग्रेन उठतं.’ फॉल्स ग्रेन म्हणजे नको असलेले बारीक कण. त्यांच्यातून मळी निथळत नाही, सेंट्रिफ्यूगलला साखर धुतली जात नाही. मळी म्हणजेच आपलं मदर लिकर, क्रिस्टल बसल्यावर उरलेलं द्रावण! काहिलीतला गूळ बघा, त्यात मळी वेगळी होतच नाही, सगळं एकत्र घट्ट होतं, म्हणून गूळ तांबूस. गुळाला ते शोभतं, आपल्या कंपाउंडला नाही.

फ्लास्कच्या आतही हेच चालतं. क्रिस्टलच्या पृष्ठभागावर चुकीचा रेणू येऊन बसला तर सावकाश थंड होताना तो सुटून परत द्रावणात जातो, त्या जागी बरोबर बसणारा येतो. एकदम गार केलं तर त्याला सुटायला वेळच मिळत नाही. वरून नवे थर चढतात आणि अशुद्धी आत कोंडली जाते. मग कितीही धुवा, ती निघत नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हे स्वतः भोगलंय. असाच जुलै, शेवटची केएमटी बस गाठायची होती. फ्लास्क बर्फात घातला, दहा मिनिटांत पिवळट पावडर. मेल्टिंग सहा अंशांत पसरलं. तीच पावडर परत विरघळवली, फ्लास्क कॉर्क रिंगवर ठेवला, भोवती जुना टॉवेल गुंडाळला, वर वॉच ग्लास झाकला आणि घरी गेलो. सकाळी तळापासून वर आलेल्या पांढऱ्या सुया, बोटाच्या पेराएवढ्या. फ्लास्क हलवला की खिडकीच्या उजेडात चमकायच्या. मेल्टिंग एका अंशात.

एका कमेंटमध्ये एका पालकांनी विचारलंय, असले खडे करून मुलाच्या हाताला काय लागणार? दादा, १९९८ साली रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या कॅप्सूल बाजारातून मागं घ्याव्या लागल्या. रेणू तोच होता, पण त्याचा दुसराच, कमी विरघळणारा क्रिस्टल तयार व्हायला लागला होता. औषध कंपन्यांना क्रिस्टलायझेशन कळणारी माणसं लागतात. तुमचा मुलगा योग्य काम शिकतोय.

‘सर, रात्रभर ठेवलं तरी काहीच आलं नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: काचेच्या कांडीनं द्रावणाच्या पातळीजवळ फ्लास्कची आतली बाजू घासा, नाहीतर आधीच्या बॅचचा एक कण सीड, म्हणजे बी, म्हणून टाका. तरीही नाही आलं तर सॉल्व्हंट जास्त झालंय, थोडं उडवा. क्रिस्टलऐवजी माल तेलासारखा सुटला तर परत गरम करा, थोडं सॉल्व्हंट वाढवा आणि पहिल्यापेक्षा हळू गार करा.

बर्फ लागतोच, पण शेवटी. फ्लास्क हाताला गार लागला, क्रिस्टल वाढायचे थांबले, की मग अर्धा तास बर्फात ठेवा. धुवायचं सॉल्व्हंटही त्याच बर्फात गार करून घ्या. सक्शन बंद करायचं, दोन-तीन मिली ओतायचं, परत चालू करायचं. कोमट सॉल्व्हंटनं धुतलं तर रात्रभर वाढलेल्या सुया फनेलमधून खाली जातील.