एक गाणे, चार पातळ्या

(दृश्य: काळ्या पडद्यावर पाच रंगीत रेघा. वरून खाली सरकणाऱ्या खुणा. आवाज बंद.)

पडद्यावर आता जे सरकते आहे त्याला आवाज नाही, तरीही ते एक गाणेच आहे. रंगीत खुणा वरून खाली येतात, तळाच्या रेषेला टेकतात, आणि त्या टेकतात त्याच क्षणी खेळणाऱ्याने नेमके बटण दाबायचे असते. गाण्यातला कोणता आवाज, कोणत्या क्षणी, कोणत्या बटणावर ठेवायचा याच्या या लिखित आराखड्याला ऱ्हिदम गेम, म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर खेळायचे व्हिडिओ गेम, खेळणारे लोक 'चार्ट' म्हणतात, त्यातल्या प्रत्येक खुणेला 'नोट' म्हणतात आणि चार्ट लिहिणाऱ्याला 'चार्टर'. एकाच गाण्याचे असे कमी-अधिक अवघड चार-पाच चार्ट, म्हणजे 'पातळ्या', तयार करावे लागतात, कारण पहिल्यांदाच हातात कंट्रोलर घेतलेला माणूस आणि दहा वर्षे मुरलेला खेळाडू हे दोघेही तेच गाणे निवडतात आणि दोघांनाही ते आपण वाजवले असे वाटायला हवे असते.

सर्वांत कठीण चार्ट हाच खरा आणि बाकीचे त्यातून नोट्स गाळून उरलेले, असा समज खेळाडूंमध्ये सर्रास आढळतो. चार्टिंगला सुरुवात केली तेव्हा मीही तसेच मानत होतो. कठीण चार्ट लिहिताना गाणे आपल्याला सांगत असते, आपण उतरवून घेत असतो. सोपा चार्ट लिहिताना मात्र त्या गाण्यात मुळात महत्त्वाचे काय आहे हे आपल्याला ठरवावे लागते, आणि चार्टरचा कस तेथे लागतो.

हे गेम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये रुजले. १९९६ साली प्लेस्टेशनवर 'पॅरापा द रॅपर' आला. १९९७ च्या अखेरीस कोनामी कंपनीचा 'बीटमेनिया' आर्केडमध्ये आला, ज्यात पाच कळा आणि फिरवायची एक तबकडी होती. आणि १९९८ साली त्याच कंपनीच्या 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'ने बोटांचे काम पायांकडे दिले. पुढे २००५ साली हार्मोनिक्सने घडवलेल्या 'गिटार हिरो'ने पाच बटणांची प्लास्टिकची गिटार लोकांच्या हाती ठेवली. बटण दाबल्यावर आवाजाचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर या गेमांनी वेगवेगळे दिले, आणि सोपी पातळी कशी लिहायची हे त्या उत्तरावर ठरते.

'बीटमेनिया'त कळ दाबली की त्या कळेवर ठेवलेला आवाज त्याच क्षणी वाजतो, आणि सोप्या पातळीवर जे आवाज खेळणाऱ्याच्या वाट्याला दिलेले नसतात ते यंत्र पार्श्वभूमीत आपणहून वाजवते. 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'मध्ये पाऊल चुकले तरी गाणे आपल्या गतीने चालू राहते. 'गिटार हिरो'त गिटारचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवलेला असतो; नोट साधली की तो चालू राहतो, चुकली की गप्प होतो आणि पुढची नोट साधेपर्यंत गप्पच राहतो. याचा परिणाम फार सुंदर आहे. सोप्या पातळीवर खेळणारा माणूस एक नोट दाबतो आणि त्याच्या कानावर चार-पाच स्वरांचा पूर्ण तुकडा पडतो. ती एकटी नोट त्या सगळ्या स्वरांचा भार वाहत असते. ती तुकड्याच्या आरंभी ठेवली तर तो आख्खा तुकडा आपल्या हातून उमटला असे वाटते, आणि मधेच कोठेतरी ठेवली तर आपण दुसऱ्याच्या वादनात लुडबूड करतो आहोत असे वाटत राहते.

(दृश्य: चार्टिंगचा संपादक, म्हणजे चार्ट लिहिण्याचे सॉफ्टवेअर. गाण्याची ध्वनिलहर, तिच्यावर उभ्या रेषांची जाळी.)

नोट लिहिण्याआधीचे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. गाण्याची गती, म्हणजे एका मिनिटातल्या मात्रांची संख्या, अचूक मोजून ही जाळी गाण्यावर बसवावी लागते. समजा, एखाद्या गाण्याची गती प्रत्यक्षात १२०.५ आहे आणि आपण ती १२० धरली. फरक क्षुल्लक वाटतो, परंतु एका मिनिटाच्या शेवटी जाळी जवळजवळ पाव सेकंद मागे पडलेली असते, आणि या गतीला पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. खेळणारा ठोक्यावर बरोबर असतो आणि गेम त्याला चूक ठरवतो. मेट्रोनोमशिवाय, म्हणजे ठोका देणाऱ्या यंत्राशिवाय, ध्वनिमुद्रित झालेल्या जुन्या गाण्यांत तर वादक धृपदाला किंचित घाई करतात आणि कडव्यात पुन्हा सैल होतात. अशा वेळी प्रत्येक आवर्तनाची गती स्वतंत्रपणे मोजून लिहावी लागते. शिवाय एमपी३ फाइलच्या आरंभी काही मिलिसेकंदांची शांतता येऊन बसलेली असते, तेव्हा पहिली मात्रा नेमकी कोठे सुरू होते तो 'ऑफसेट'ही जुळवावा लागतो. हे सारे सोपी, मध्यम, कठीण आणि एक्स्पर्ट या चारही पातळ्यांसाठी एकदाच करायचे असते, कारण त्या सर्वांच्या खाली जाळी एकच असते.

त्यानंतर बहुतेक चार्टर सर्वांत कठीण पातळी आधी लिहितात. 'गिटार हिरो'च्या पद्धतीत एक्स्पर्ट पातळीवर गिटारवादकाने छेडलेला प्रत्येक स्वर शक्यतो नोट होऊन येतो. खऱ्या गिटारवर स्वरांच्या शंभराहून अधिक जागा असतात आणि इथे बटणे पाचच, त्यामुळे स्वराची उंची जशीच्या तशी उतरवता येत नाही. उतरवता येते ती चाल. सुरावट चढत असेल तर नोट्स डावीकडून उजवीकडे जातात, उतरत असेल तर उजवीकडून डावीकडे येतात, आणि बटणे संपली की तुकड्यातली एखादी नैसर्गिक फट बघून पुन्हा कडेपासून सुरुवात करतात. ही फट चुकली तर सूर वर जात असताना हात खाली येतो, आणि कारण सांगता आले नाही तरी खेळणाऱ्याला ते खटकतेच.

बटणांच्या संख्येमागचा विचार मला विशेष आवडतो. पहिल्या 'गिटार हिरो'त सोप्या पातळीवर हिरवे, तांबडे आणि पिवळे अशी तीनच बटणे लागतात, मध्यम पातळीवर निळे त्यांना येऊन मिळते, आणि नारिंगी बटण कठीण पातळीपर्यंत येतच नाही. गिटारच्या मानेवर चार बोटे ठेवली की चार बटणे झाकली जातात. पाचव्या बटणासाठी हाताला जागा सोडून सरकावे लागते आणि न बघता परत यावे लागते. म्हणून मध्यम आणि कठीण या दोन पातळ्यांमधली पायरी बाकी सर्व पायऱ्यांपेक्षा उंच असते, आणि अनेक खेळाडू कित्येक महिने तिच्यापाशीच अडखळतात.

(दृश्य: एकच आवर्तन, आठ घरांत विभागलेले. पहिले, चौथे आणि सातवे घर उजळते.)

आता हे एक आवर्तन नीट पाहू. गती १२०, मात्रा चार, आणि प्रत्येक मात्रेचे दोन भाग केल्यामुळे घरे आठ. गिटारचा जोर पहिल्या, चौथ्या आणि सातव्या घरावर आहे, म्हणजे तीन, तीन आणि दोन अशी त्याची विभागणी होते. अगणित गाण्यांचा ठेका या विभागणीवर उभा आहे. एक्स्पर्ट पातळीवर या तीन आघातांच्या मधले बारीक स्वरही लिहिलेले असतील. कठीण पातळीवर ते बारीक स्वर निम्मे होतील. पण सोप्या पातळीवर काय करायचे?

नवख्या माणसाला मात्रेवरच नोट द्यावी, दोन मात्रांच्या मध्ये देऊ नये, असा सरसकट दंडक आहे आणि बहुतेक गाण्यांत तो योग्यही ठरतो. तो इथे यांत्रिकपणे लावला तर पहिले घर राहते, सातवे घर राहते, कारण ती पहिली आणि चौथी मात्रा आहे, आणि चौथे घर गळते. नेमका तोच आघात गेला ज्याच्यामुळे हा ठेका ओळखू येत होता. खेळणाऱ्याच्या कानावर ती उसळी पडते आणि त्याचा हात मात्र तेव्हा रिकामा असतो.

माझे मत असे की इथे तिन्ही आघात ठेवावेत आणि तिन्ही एकाच बटणावर ठेवावेत. पहिल्या आघातापासून दुसऱ्यापर्यंत ७५० मिलिसेकंद आहेत, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत तितकेच, आणि तेथून पुढच्या समेपर्यंत ५००. मात्रेवरच्या दोन लागोपाठच्या नोट्समध्ये ५०० मिलिसेकंदांचेच अंतर असते, तेव्हा वेगाच्या दृष्टीने यात कठीण काहीच नाही. कठीण असते ती अपेक्षा मोडणे. आणि बोट हलवण्याची चिंता काढून घेतली की ती मोडलेली अपेक्षा पेलण्याइतकी सवड नवख्यालाही मिळते. एखादी पातळी सोपी करताना नोट्स किती कमी केल्या हे मोजले जाते, पण खेळणाऱ्याचे लक्ष एका वेळी किती ठिकाणी वाटले जाते आहे हे फारसे कोणी मोजत नाही, आणि अडचण बहुतेक वेळा तेथेच असते.

(दृश्य: पायांखालच्या पाटावर चार बाण. एक व्यक्ती संथपणे पावले टाकते.)

पायांच्या गेममध्ये ही गोष्ट आणखी उघडपणे दिसते, कारण तेथे चूक शरीरालाच कळते. डावा, खाली, वर, उजवा असे चार बाण ओळीने आले तर पावले डावे, उजवे, डावे, उजवे अशी सहज पडतात आणि शरीर समोरच राहते. आता हा तुकडा सोपा करायचा म्हणून त्यातला 'खाली' हा बाण काढून टाकला. डावा बाण डाव्या पायाने घेतला, वरचा उजव्याने घेतला, आणि उजव्या बाणाची पाळी आली तेव्हा मोकळा आहे डावा पाय. तो आता उजव्या पायामागून आडवा न्यावा लागतो, ज्याला खेळाडू 'क्रॉसओव्हर' म्हणतात, किंवा उजवाच पाय लागोपाठ दोनदा उचलावा लागतो. नोट एक कमी झाली आणि तुकडा अधिक अवघड झाला. त्यामुळे पायांसाठी लिहिणारा चार्टर मनातल्या मनात प्रत्येक पातळीवर नव्याने चालून पाहतो.

काही गेममध्ये नोट्सशिवाय इतर गोष्टीही पातळीगणिक बदलतात. २००७ साली आलेल्या 'ओसू'मध्ये नोट म्हणजे पडद्यावरचे एक वर्तुळ, आणि ते ठोक्याच्या किती आधी उमटावे हे चार्टर स्वतः ठरवतो. अगदी संथ टोकाला हा अवधी १,८०० मिलिसेकंद असतो आणि जलद टोकाला ४५०. हीच गोष्ट अचूकतेची. पूर्ण गुणांसाठी लागणारी मुभा सर्वांत सैल मापावर ठोक्याच्या मागे-पुढे सुमारे ८० मिलिसेकंद असते आणि कडक मापावर २०. हौशी चार्टरांचा कल साहजिकच अवघड चार्ट लिहिण्याकडे असतो, कारण ते स्वतः मुरलेले खेळाडू असतात. या गेमच्या अधिकृत मान्यतेच्या नियमांत लहान गाण्याच्या चार्टसंचातली सर्वांत सोपी पातळी 'नॉर्मल'हून, म्हणजे 'सोपी'च्या लगेच वरच्या पातळीहून, अवघड नसावी अशी अट आहे, आणि ती मला अत्यंत योग्य वाटते. तिच्यावाचून पुष्कळ गाणी नवख्यांना कायमची बंद झाली असती.

पातळीला दिलेल्या आकड्यांविषयी थोडेच सांगतो. 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'मध्ये काठिण्य सुरुवातीला पावलांच्या चिन्हांनी मोजले जाई आणि ते मोजमाप दहाच्या आसपास संपत असे. चार्ट अवघड होत गेले तसे ते अपुरे पडले आणि २००८ साली ते एक ते वीस असे वाढवण्यात आले. आकडा उपयोगी असतो, पण एका चार्टमध्ये वेग अवघड असतो, दुसऱ्यात ठेका अवघड असतो आणि तिसऱ्यात निव्वळ दमसास. तिन्हींवर छापलेला आकडा मात्र एकच असू शकतो.

(दृश्य: संपादकात गाण्याचा आवाज बंद केला जातो. फक्त टाळीसारखा ठोका ऐकू येतो.)

चार्ट लिहून झाला की तो तपासण्याची माझी पद्धत अशी आहे. बऱ्याच संपादकांत प्रत्येक नोटवर टाळीसारखा आवाज वाजवण्याची सोय असते. मी गाण्याचा आवाज पूर्ण बंद करतो आणि सोप्या पातळीच्या फक्त टाळ्या ऐकतो. आता ऐकू येतात त्या तशाच टाळ्या आहेत. गाणे माहीत असलेल्या माणसाला एवढ्यावरून ते ओळखता आले, निदान कडवे कोठे संपले आणि धृपद कोठे उसळले हे कळले, तर चार्ट गाण्याला धरून आहे असे मी समजतो. एकसारखी टकटक ऐकू आली तर मी तो भाग पुसतो.

दुसरी तपासणी मात्र स्वतःला करता येत नाही. चार्टरने ते गाणे शेकडो वेळा ऐकलेले असते, पुढे काय येणार हे त्याचे बोट आधीच जाणते. म्हणून सोपी पातळी अशा माणसाच्या हाती द्यावी लागते ज्याने ते गाणेही ऐकलेले नाही आणि गेमही खेळलेला नाही, आणि त्याच्या शेजारी गप्प बसावे लागते. मी पडद्याकडे पाहत नाही, त्याच्या खांद्यांकडे पाहतो. अवघड जागा आली की खांदे वर चढतात. ज्या जागी ते विनाकारण चढले, म्हणजे गाण्यात तेथे काहीच विशेष घडत नव्हते, ती जागा माझी चूक असते. ज्या जागी गाणेही ताणले गेले होते आणि खांदेही, तिला मी हात लावत नाही.

(दृश्य: चार्टची फाइल. चार थर एकावर एक.)

'रॉक बँड' या गेमच्या चार्टची फाइल मिडी स्वरूपातली असते, म्हणजे तिच्यात आवाजाऐवजी स्वरांचे क्रमांक लिहिलेले असतात. तिच्यात एका मात्रेचे ४८० सूक्ष्म भाग असतात आणि चार पातळ्या एकाच ट्रॅकवर एकेका सप्तकाच्या अंतराने लिहिलेल्या असतात: सोपी ६० क्रमांकाच्या स्वरापासून, मध्यम ७२ पासून, कठीण ८४ पासून आणि एक्स्पर्ट ९६ पासून. उघडून पाहिली की खालचा थर विरळ आणि वरचा दाट असे एक चित्र दिसते. गाण्याच्या मध्यावर वर नोट्सची गर्दी असते आणि तळाच्या थरात एखाददुसरी नोट असते. शेवटाकडे येता येता वरची गर्दी ओसरते, ढोलाचा शेवटचा आघात होतो, गिटारचा लांबलेला स्वरमेळ सुरू होतो, आणि तेथे चारही थरांत, एकाच सूक्ष्म भागावर सुरू होणारी, सारख्याच लांबीची एक नोट आहे.

(दृश्य: गाण्याचा आवाज परत येतो. शेवटचा स्वर विरेपर्यंत पडदा तसाच राहतो.)