शनिवार-रविवारचे सैनिक आणि समुद्रापलीकडचं युद्ध

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात नागपूरकरांच्या सत्रात झालेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ झाला, तर्री-पोहे झाले, आता वीस मिनिटं माझी. नागपूरकराच्या हाती माइक आणि वीस मिनिटं दिली की काय होतं हे समितीला चांगलं ठाऊक आहे. म्हणून त्यांनी माझ्यानंतर लगेच सावजी जेवण ठेवलंय. वास आला की हा माणूस आपोआप थांबेल, असा त्यांचा हिशेब.

विषय ठरला होता विदर्भातल्या संक्रांतीचा. तो बदलून घेतला, कारण आपल्यातलंच एक घर. त्यांना विचारून सांगतोय, नाव सांगणार नाही. मुलगा अकरावीत, वय सतरा. शाळेत आर्मी नॅशनल गार्डचा, म्हणजे अमेरिकेतल्या राज्याराज्यांच्या अर्धवेळ सैन्याचा, रिक्रूटर (भरती करणारा) आला होता, त्याच्याकडचे कागद घेऊन पोरगं घरी आलं. सतराव्या वर्षी भरती व्हायचं तर आईवडील दोघांचीही सही लागते. बाबा जवळजवळ तयार, आई अजिबात नाही, आणि घरात भांडी जरा जोरातच आपटायला लागली. धाकटी नऊ वर्षांची. जेवताना ती म्हणाली, "पण एअरपोर्टवर सोल्जर दिसले की आपण टाळ्या वाजवतो ना? ते कोणाचे दादा असतात?"

ताटं तशीच राहिली म्हणे. आपल्यापैकी कोणी त्या टेबलावर असता तर काय उत्तर दिलं असतं?

आधी तो कागद बघू. रिक्रूटरचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे: महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे. ते खोटं नाही. वर्षाला ४८ ड्रिल, म्हणजे सरावाची सत्रं, एका शनिवार-रविवारी चार, म्हणजे २४ दिवस; वर वार्षिक प्रशिक्षणाचे १५. एकूण ३९ दिवस. पण पहिल्यांदा भरती होणाऱ्यावर एकूण आठ वर्षांची बांधिलकी असते, आणि ते करारातच लिहिलेलं असतं. नेहमीची मांडणी म्हणजे सहा वर्षं युनिटमध्ये आणि दोन वर्षं इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्हमध्ये. या शेवटच्या दोन वर्षांत ड्रिल नाही, त्याचा पगारही नाही, पण नाव यादीत असतं आणि बोलावता येतं. इराकच्या काळात या यादीतून हजारो लोकांना बोलावलं होतं. त्यातले कित्येक नोकरीला लागून, लग्न करून स्थिरावले होते.

आता थोडं रागावतो. नागपुरात प्लॉट घ्यायचा तर आपण आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागतो, नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर मागतो, वरून धंतोलीतल्या वकिलाला दाखवतो, आणि तरी मेहुण्याला प्रत्यक्ष बघून यायला पाठवतो. आणि पोराच्या आठ वर्षांच्या करारावर सही करायची किंवा नाही म्हणायचं, तर तो कागद वाचतच नाही. त्या घरात भांडण झालं तोवर करार कोणीच उघडला नव्हता. हो म्हणणाऱ्यानेही नाही, नाही म्हणणारीनेही नाही.

गार्डमधला माणूस राखीव सैनिकांत मोडतो. त्याला बोलावून किती काळ ठेवता येतं? राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली की दहा लाखांपर्यंत राखीव सैनिक, सलग २४ महिन्यांपर्यंत. तशी आणीबाणी नसली तरी दोन लाखांपर्यंत, ३६५ दिवसांपर्यंत. आणि सप्टेंबर २००१ मध्ये जाहीर झालेली आणीबाणी पुढे वर्षानुवर्षं वाढवली गेली. २००७ च्या जानेवारीत संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ठरवलं, की एका बोलावण्यात जास्तीत जास्त एक वर्ष, आणि एक वर्ष बाहेर गेलेल्याला पाच वर्षं घरी ठेवण्याचा प्रयत्न. हे धोरण आहे, कायदा नव्हे. कायद्यातला आकडा २४ महिनेच आहे.

तर असे अर्धवेळ सैनिक परदेशातल्या लढाईवर पाठवावेत का? लोक याचं उत्तर एका वाक्यात देतात: करार केलाय, गेलंच पाहिजे. किंवा, हे पूरवाल्यांना आणि वादळवाल्यांना मदत करणारे लोक, यांना वाळवंटात कशाला न्यायचं. दोन्ही वाक्यं मला अपुरी वाटतात, कारण त्या ३९ दिवसांत होतं काय हे दोन्हीकडे कोणी बघत नाही.

एक ड्रिल डोळ्यांसमोर आणा. शनिवारी सकाळी हजेरी. मग शस्त्रागारासमोर रांग, क्रमांक बघून एकेक रायफल सही करून घ्यायची. ट्रक निघेपर्यंत कोणाची रक्ततपासणी राहिलेली, कोणाचं ऑनलाइन प्रशिक्षण थकलेलं. रेंजवर ४० गोळ्या, त्यांतल्या २३ लागल्या की पास. रविवारी दुपारी रायफल उघडून साफ करायची. कार्बन दिसला की शस्त्रागारवाला परत पाठवतो, आणि शेवटची रायफल आत गेल्याशिवाय कोणी घरी जात नाही. एका माणसाला नेमबाजी शिकवायला एवढं पुरतं. टँकचे चौघे, म्हणजे कमांडर, गनर, लोडर आणि चालक, यांना एका हाताने काम करायला शिकवायला हे पुरत नाही. गनरला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली की उरलेल्या तिघांची वर्षभराची मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

१९९० मध्ये हे उघडं पडलं. जॉर्जिया नॅशनल गार्डची ४८ वी ब्रिगेड नियमित सैन्याच्या २४ व्या डिव्हिजनबरोबर लढायला जाईल, असं शांततेच्या काळात कागदावर ठरलं होतं. इराकने कुवेत घेतला आणि युद्धाचा प्रसंग आला, तेव्हा ती डिव्हिजन ४८ वीऐवजी नियमित सैन्यातलीच एक ब्रिगेड घेऊन गेली. ४८ व्या ब्रिगेडला ३० नोव्हेंबरला बोलावलं, मग कॅलिफोर्नियात फोर्ट अर्विनच्या वाळवंटात सराव. ती लढाईला तयार असल्याचा शिक्का बसला २८ फेब्रुवारी १९९१ ला, म्हणजे युद्धबंदी झाली त्याच दिवशी. तीन महिने, आणि तेही दिवसरात्र सराव करून. माणसं कमी पडली नव्हती, दिवस कमी पडले होते.

आणि दात! हसू नका. दातांच्या तपासणीत चार वर्ग असतात. तिसरा वर्ग म्हणजे वर्षभरात दात दगा देण्याची शक्यता, चौथा म्हणजे तपासणीच झालेली नाही. या दोघांनाही बाहेर पाठवता येत नाही. नियमित सैनिकाला छावणीतच डॉक्टर मिळतो. गार्डमधला पोरगा दातांचा विमा नाही म्हणून अक्कलदाढेचं दुखणं ढकलत राहतो, आणि बोलावणं आलं की रांगेत उभा राहून दाढा काढून घेतो.

मग काही जण म्हणतात, लढणाऱ्या तुकड्या नका पाठवू, पाणी, ट्रक, दवाखाना सांभाळणारे पाठवा. यात तथ्य आहे. ट्रकवाला सोमवार ते शुक्रवारही ट्रकच चालवतो, नर्स नर्सच असते, त्यांचं कसब गंजत नाही. पण "मागचं काम म्हणजे सुरक्षित काम" या समजुतीचं काय झालं ते ऐका. पेनसिल्वेनियातल्या ग्रीन्सबर्गची राखीव सैन्यातली १४ वी क्वार्टरमास्टर तुकडी, काम पाणी शुद्ध करण्याचं, माणसं ६९. सौदी अरेबियात उतरून सहा दिवस झाले होते. २५ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री धाहरानजवळ गोदामाची बराक केलेल्या इमारतीवर इराकचं स्कड क्षेपणास्त्र पडलं. एकूण २८ जण गेले, त्यांत या एका तुकडीचे १३. तुकडीचे आणखी ४३ जखमी. एका तुकडीच्या ६९ जणांतले ५६.

इथे बसलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी पुढचा भाग. येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी तिथली पॅट्रियट यंत्रणा १०० तासांहून जास्त बंद न करता चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं, आणि ०.१ हा आकडा बायनरीत पुरता बसत नाही. २४ बिटांवर तोडावा लागतो. ती बारीकशी तूट साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेने चुकीच्या जागी पाहिलं, तिथे काही दिसलं नाही, आणि स्कड पाडणारं क्षेपणास्त्र सुटलंच नाही. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं दुसऱ्या दिवशी. आपल्यापैकी ज्यांनी "पुढच्या रिलीजमध्ये टाकू" म्हणून बग पुढे ढकललेत, म्हणजे आपण सगळेच, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

अलीकडचंही आहे. २८ जानेवारी २०२४ ला जॉर्डनमधल्या टॉवर २२ या तळावर ड्रोन आदळलं, राहायच्या जागेवर. तिघे गेले, तिघेही आर्मी रिझर्व्हचे (हे गार्डसारखंच अर्धवेळ, पण केंद्राच्या ताब्यातलं सैन्य), जॉर्जियातल्या एका इंजिनिअर कंपनीतले. ते कोणाचे दादा, कोणाच्या ताई होत्या. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या आठवड्यात काय चाललं होतं, ते जरा मागे जाऊन बघा.

माझं मत असं. लढाईवर राखीव सैनिक पाठवायला माझा सरसकट विरोध नाही. पण पाठवणाऱ्याने मोजून द्यावं: आधी प्रशिक्षणाचे पुरेसे महिने, गेट्स यांनी म्हटलेली पाच वर्षांची विश्रांती कायद्यात, आणि काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं, उघड मतदान. काँग्रेसने शेवटचं युद्ध जाहीर केलं ते १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, सगळं दुसऱ्या वाटांनी. व्हिएतनामच्या वेळी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ मध्ये राखीव दलं बोलावली नाहीत, आणि गार्ड ही सक्तीची भरती टाळायची जागा झाली. मग सत्तरच्या दशकात नियमित आणि राखीव सैन्य एकत्र विणलं गेलं. त्यामागचा तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल अब्राम्स यांचा विचार असा सांगतात, की गावागावातून माणूस उचलावा लागला म्हणजे देश विचार करूनच युद्धात उतरेल. २००५ मध्ये इराकमधल्या अमेरिकी सैन्यात जवळपास ४० टक्के गार्ड आणि रिझर्व्हचे होते. माणसं उचलली गेली. विचार कोणी केला?

राज्यांनी अडवावं म्हणाल, तर मिनेसोटाचे गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी ते करून पाहिलं. मध्य अमेरिकेत सरावाला गार्ड पाठवण्यावरून ते कोर्टात गेले, आणि १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. आता "डिफेंड द गार्ड" नावाची विधेयकं राज्याराज्यांत मांडली जातात: काँग्रेसने युद्ध जाहीर केल्याशिवाय आमचा गार्ड लढाईवर जाणार नाही. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात २०२४ मध्ये ते मंजूर झालं, पण कायदा होऊ शकलं नाही. विरोधकांचा मुद्दा पैशांचा आहे. गार्डचा बराच खर्च केंद्र देतं. उद्या तुकडी आणि निधी शेजारच्या राज्यात हलवला तर?

"आपल्या भारतात असं नसतं" असं म्हणायचा मोह होईल, म्हणून सांगतो. २६ जानेवारीला आपण सीताबर्डीच्या किल्ल्यावर रांगा लावून चढायचो, तिथे टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे भारताच्या अर्धवेळ सैन्याची, ११८ वी बटालियन असते. तिच्या १९४८ च्या कायद्यात लिहिलंय, की केंद्र सरकारच्या सर्वसाधारण किंवा विशेष आदेशाशिवाय या सैनिकांना भारताच्या हद्दीबाहेर नेता येणार नाही. वाचायला किती छान! पण आदेश काढला की नेता येतं, संसदेत मतदान लागत नाही, आणि श्रीलंकेत ऑपरेशन पवनमध्ये, म्हणजे शांतिसेनेच्या मोहिमेत, टेरिटोरियल आर्मीच्या तुकड्या होत्या. समुद्रापलीकडे जायची अट करारात घालणं आपल्याकडे जुनंच आहे. कंपनी सरकारने ती १८५६ मध्ये नव्या शिपायांवर घातली, आणि पुढचं वर्ष कोणतं ते नागपूरकरांना सांगायला नको.

आपल्यातल्या कंपनीमालकांनो, तुमच्यासाठी दोन ओळी. नोकराला बोलावणं आलं तर त्याची जागा राखावी लागते, एकूण पाच वर्षांपर्यंत, आणि आणीबाणीतली सक्तीची सेवा सहसा त्या पाचांत मोजत नाहीत. १८० दिवसांहून जास्त सेवा करून आला तर परत अर्ज करायला त्याला ९० दिवस मिळतात, आणि घेतल्यावर वर्षभर सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. "प्रोजेक्ट संपला" हे कारण तुम्ही एचवन व्हिसावर काम करणाऱ्यांना सांगता, इथे चालेलच असं नाही.

परत आलेल्यांसाठी एक गोष्ट. उतरल्यावर तपासणीचे फॉर्म भरताना सगळे "काही त्रास नाही" लिहितात, कारण त्रास लिहिला की घरी जायला उशीर होतो. मग वर्षभराने गुडघा बोलायला लागतो आणि तो सेवेत दुखावला हे सिद्ध करायला कागद नसतो. उशीर झाला तरी चालेल, गुडघा लिहा.

आणि हे रिक्रूटर सांगणार नाही, कारण त्याला ठाऊकच नसेल: परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) देत नाहीत, असा भारत सरकारचा नियम आहे. मुलाला आधीच कार्ड असेल तर पुढे काय, ते सहीच्या आधी वाणिज्य दूतावासाकडून लेखी घ्या. आपल्या मुलांना नागपूरच्या महाल भागातल्या घरी जायला व्हिसाची रांग लावावी लागणार असेल, तर ते सतराव्या वर्षीच कळलेलं बरं.

आता ज्या गोष्टीचा मला तोडगा सापडलेला नाही, ती. परदेशात तैनात असताना घरी कोणी अत्यवस्थ झालं, तर निरोप अमेरिकन रेडक्रॉसमार्फत जातो. सैनिकाचं पूर्ण नाव, हुद्दा, जन्मतारीख, युनिट, आणि हॉस्पिटलचं नाव व फोन द्यावा लागतो. ते हॉस्पिटलला विचारून खातरजमा करतात, मग निरोप कमांडरकडे. नागपुरातल्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर रात्री दोनला अमेरिकेतून फोन आला तर तो कोण उचलणार, आणि पेशंटची माहिती देणार का? समजा दिली. तातडीच्या रजेसाठी आई, वडील, भावंडं, जोडीदार, मुलं हे जवळचे. आजी-आजोबा सहसा त्यात येत नाहीत. आईवडिलांच्या जागी राहून त्यांनी वाढवलं असेल तर मोजतात, पण तसं दाखवावं लागतं. आपल्या इथली किती मुलं पहिली दोन-तीन वर्षं नागपुरात आजीजवळ होती? त्याचा कागद कोणाकडे आहे? कोणाला वाट ठाऊक असेल तर समितीकडे लिहून द्या, नाव न घालता दिलंत तरी चालेल.